टीम जिच्यावर चालते, तिचीच बढती अडते: एका बदली-अर्जाचं प्रकरण

आठ जणांची एक सॉफ्टवेअर टीम. काम हिशोब जुळवणीचं. दिवसभरात झालेले व्यवहार आणि पेमेंट गेटवेकडून (ऑनलाइन पैशांची देवाणघेवाण करणाऱ्या सेवेकडून) आलेल्या नोंदी रात्री एकमेकींशी ताडून पाहायच्या, तफावत निघेल ती बाजूला काढायची आणि सकाळी आठच्या आत वित्त विभागाला अहवाल द्यायचा. या टीममधल्या सर्वांत अनुभवी इंजिनिअरने शेजारच्या टीममध्ये बदली मागितली. ती शेजारची टीम माझी, म्हणून हा अर्ज माझ्यापर्यंत आला आणि त्यानंतरचं सगळं मी जवळून पाहिलं. कंपनीचं आणि माणसांचं नाव इथे देत नाही.

अर्जात कारण एका ओळीचं होतं: "नवीन काही शिकायला मिळावं." त्याखाली तिच्या मॅनेजरचा शेरा: "या तिमाहीत सोडता येणार नाही." त्याआधी तिने केलेल्या अर्जावरही हाच शेरा होता. मधल्या काळात तिची बढती दोनदा नाकारली गेली होती. म्हणजे जिच्यावाचून टीमचं चालत नव्हतं, तिला वरच्या पातळीवर घेण्याइतकं तिचं काम मोठं नाही असं समितीचं मत होतं. ही दोन्ही मतं एकाच संस्थेत सुखाने नांदत होती आणि त्यांतली विसंगती कुणाच्या लक्षात आली नव्हती. बढतीचा विषय एका बैठकीत निघायचा, कामाच्या ताणाचा दुसऱ्या बैठकीत, आणि दोन्हीकडे बसणारी माणसंही वेगळी. माझं म्हणणं असं की तो एकच प्रश्न होता.

कागदावर सगळं ठीक

तिच्या मॅनेजरशी पहिल्यांदा बोललो तेव्हा त्यांनी मोकळेपणाने सगळं समोर ठेवलं. टाइमशीटवर आठवड्याचे सरासरी ४४ तास. रजा घेतलेल्या. ऑन-कॉलची, म्हणजे वेळीअवेळी काही बिघडलं तर फोन घेण्याची, पाळी आठही जणांत फिरणारी, प्रत्येकाची आठवडाभर. "वर्क-लाइफ बॅलन्सचा प्रश्नच कुठे येतो?" असं त्यांनी विचारलं, आणि ते मनापासूनच विचारत होते.

मी रनबुक मागितलं, म्हणजे बिघाड झाला तर काय करायचं याची लेखी पुस्तिका. रात्रीची जुळवणी अडली तर काय करायचं याच्या त्यात चार पायऱ्या होत्या. पहिली, जॉब (जुळवणी करणारा प्रोग्राम) पुन्हा सुरू करा. दुसरी, लॉग (प्रोग्रामने केलेल्या नोंदी) पाहा. तिसरी, अजून एकदा सुरू करून पाहा. चौथ्या पायरीवर तिचं नाव होतं आणि शेजारी मोबाइल नंबर.

पाळी कुणाचीही असो, फोन तिलाच जात होता. जिची पाळी नाही तिचे तास टाइमशीटवर येत नाहीत. रात्री पावणेतीनला पाच मिनिटं जागं होऊन लॅपटॉप उघडणं, अडलेलं सोडवून परत झोपणं, याला कुठल्या प्रकल्पाच्या नावावर टाकायचं? ती टाकतच नसे. त्या पाच मिनिटांनंतर झोप कधी लागायची, हे तर विचारायलाच नको.

ऑन-कॉलविषयी गूगलच्या एसआरई (सेवा अखंड चालू ठेवण्याचं काम करणाऱ्या) टीमांनी आपली पद्धत जाहीरपणे लिहून ठेवली आहे. त्यांचा हिशोब असा: एक घटना नीट हाताळायची, म्हणजे कारण शोधून, दुरुस्त करून, टिपण लिहून संपवायची, तर सरासरी सहा तास लागतात. म्हणून बारा तासांच्या पाळीत दोनपेक्षा जास्त घटना नकोत. आठवड्याच्या पाळ्या आणि प्रत्येक पाळीला एक मुख्य, एक मदतनीस असं धरलं तर एका ठिकाणच्या टीममध्ये किमान आठ जण लागतात. या टीममध्ये नेमके आठ जण होते. आकडा बरोबर होता, पण आठपैकी सात जण निरोप पोचवण्यापुरते उरले होते.

तिचा दिवस

तिने तिचं कॅलेंडर आणि गेल्या तिमाहीतला रिव्ह्यूचा, म्हणजे इतरांचा कोड तपासून दिलेल्या शेऱ्यांचा, इतिहास माझ्यासमोर उघडला. नव्याने आलेल्याच्या लॅपटॉपवर सिस्टिम चालत नाही, सोबत बसून लावून दे. सपोर्टकडून प्रश्न: हा व्यवहार दोनदा का दिसतोय? दुसऱ्या टीमने एपीआय (दोन प्रोग्राम ज्यातून बोलतात तो दुवा) बदललाय, आपल्यावर परिणाम होईल का? एका ठिकाणी तिचा स्वतःचा टास्क दिसला, रिट्रायची (फसलेला प्रयत्न पुन्हा करण्याची) मर्यादा बदलण्याचा. सोमवारी ब्रँच, म्हणजे बदलासाठी कोडची वेगळी प्रत, काढली होती. शुक्रवारी तिच्यात दोन ओळी होत्या.

त्या इतिहासात एक कॉमेंट मला फार बोलकी वाटली. टीममधला तिचाच एक सहकारी परताव्याचं नवीन मॉड्यूल बांधत होता. गेटवेला विनंती पाठवायची, टाइमआउट झाला, म्हणजे ठरल्या वेळेत उत्तर आलं नाही, तर पुन्हा पाठवायची, असा कोड. प्रत्येक विनंतीसोबत एक आयडेम्पोटन्सी की, म्हणजे ओळखखूण, जाते. तीच की पुन्हा आली तर गेटवे ओळखतो की ही जुनीच विनंती आहे, आणि दुसऱ्यांदा पैसे सोडत नाही. त्याच्या कोडमध्ये ही की रिट्रायच्या लूपच्या (प्रत्येक प्रयत्नाला पुन्हा चालणाऱ्या भागाच्या) आत तयार होत होती. प्रत्येक प्रयत्नाला नवीन की. टेस्टमध्ये हे सापडत नाही, कारण टेस्टमध्ये पहिलीच विनंती यशस्वी होते. तिने लिहिलं होतं: "की लूपच्या बाहेर तयार कर. टाइमआउट आला तरी तिकडे पैसे गेलेले असू शकतात, मग परतावा दोनदा जाईल."

मॉड्यूल वेळेवर गेलं, गाजलं, आणि त्या सहकाऱ्याला बढती मिळाली. त्याने ती कष्टाने मिळवली होती यात शंका नाही. या कॉमेंटविषयी मला पहिल्यांदा सांगितलंही त्यानेच. पण समितीपुढे गेलेल्या कागदांत तिच्या नावापुढे एवढंच होतं: "जबाबदारीने काम करते. मात्र पुढच्या पातळीचा आवाका दिसत नाही. स्वतः उभा केलेला मोठा प्रकल्प नाही." तीन महिने चाललेल्या कामाला नाव असतं, सादरीकरण असतं. न घडलेल्या दुहेरी परताव्याचं सादरीकरण कोण करणार?

ही कामं तिच्याकडे कशी आली, हेही पाहायला हवं. कुणी ती तिच्यावर लादली नव्हती. स्टँडअपमध्ये, म्हणजे रोजच्या छोट्या बैठकीत, "हे कोण बघेल?" असा प्रश्न पडायचा, दोन क्षण शांतता, आणि मग ती म्हणायची, "मी बघते." लिंडा बॅबकॉक आणि त्यांच्या सहकारी अर्थशास्त्रज्ञांनी बढतीला उपयोग नसलेल्या कामांवर केलेला अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. प्रयोगातल्या मिश्र गटांत असं काम आपण होऊन अंगावर घेण्याचं प्रमाण स्त्रियांमध्ये पुरुषांपेक्षा ४८ टक्क्यांनी जास्त निघालं. फक्त पुरुषांचे आणि फक्त स्त्रियांचे गट घेतले तेव्हा मात्र हा फरक नाहीसा झाला. म्हणजे स्वभावाचा भाग कमी, आणि "ती घेईलच" या सगळ्यांनी गृहीत धरलेल्या अपेक्षेचा जास्त. या टीमच्या आठ जणांत स्त्रिया दोनच होत्या, आणि दुसरी नुकतीच रुजू झालेली. तिलाही तोपर्यंत बैठकीचं टिपण लिहिण्याचं काम लागलेलं होतं.

आधी करून पाहिलेले उपाय

मॅनेजर हातावर हात ठेवून बसले नव्हते. त्यांनी तिला दहा दिवसांची रजा घ्यायला लावली. तिसऱ्या दिवशी फोन गेला. परत आल्यावर तिच्यासाठी राखून ठेवलेली कामं रांगेत उभी होती, आणि पुढचे दोन आठवडे रजेच्या आधीपेक्षा वाईट गेले. मला वाटतं, जास्तीत जास्त टीमा इथेच फसतात. ओझं तसंच ठेवून माणसाला थोडा वेळ बाजूला केलं, तर तो वेळ व्याजासकट वसूल होतो.

मग त्यांनी दोन नवीन माणसं मागून घेतली. फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ साली मांडलेला नियम या क्षेत्रात सगळ्यांना पाठ आहे: उशीर झालेल्या प्रकल्पात माणसं वाढवली की तो आणखी लांबतो, कारण नव्यांना शिकवायला जुन्यांचाच वेळ जातो. इथे "जुने" म्हणजे ती एकटी. दोन नव्यांना कामात रुळवणं तिच्याच गळ्यात पडलं.

आणि कौतुक. ते भरपूर होतं, मनापासूनचं होतं. "तुझ्याशिवाय टीमचं पान हलत नाही," असं मॅनेजर सगळ्यांसमोर म्हणायचे. त्या वाक्यात आजाराचं नाव लिहिलेलं होतं आणि ते बक्षीस म्हणून वाचलं जात होतं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आयसीडी-११ या वर्गीकरणात बर्नआउटची नोंद कामाच्या जागेशी निगडित गोष्ट म्हणून आहे, वैद्यकीय आजार म्हणून नाही. त्याची तीन अंगं सांगितली आहेत: थकवा, कामापासून मन तुटणं किंवा कामाबद्दल कडवटपणा, आणि आपल्या हातून काही धड होत नाही अशी भावना. थकवा सगळ्यांना दिसतो, म्हणून रजा सुचते. तिच्या बाबतीत तिसरं अंग खोल गेलं होतं. ती मला म्हणाली, "मला आता नवीन कोड लिहिता येतो की नाही, हेच कळत नाही. दुसऱ्यांचं बघूनबघून मी फक्त बघणारी झालेय." उत्तम इंजिनिअरच्या तोंडून हे ऐकताना फार वाईट वाटलं.

अर्जाचं काय करायचं?

मला ती माझ्या टीममध्ये हवी होती, हे सरळ सांगतो. पण लगेच घेतली असती तर काय झालं असतं? तिकडे महिनाभर सगळी पळापळ, तिचे फोन चालूच, आणि पुढचा बळी म्हणून तिथल्याच दुसऱ्या कुणाच्या नावाचा नंबर रनबुकच्या चौथ्या पायरीवर. शिवाय बढतीसाठी तिच्या हाती दाखवण्यासारखं काही नसताना ती नव्या टीममध्ये शून्यापासून सुरुवात करणार. म्हणून तिच्याशी आणि मॅनेजरशी बोलून तिघांनी मिळून ठरवलं: दोन तिमाहींनंतर तिने मागितली तर बदली नाकारायची नाही, हे लेखी. मधल्या काळात दोन गोष्टी करायच्या. तिला फोनवरून पूर्ण काढायचं, आणि एक मोठं काम तिच्या नावावर द्यायचं.

मोठं काम तयारच होतं. रात्रीची जुळवणी एकाच अवाढव्य जॉबमध्ये चालायची. मध्येच पडली तर पहिल्यापासून सुरुवात. ती छोट्या तुकड्यांत करायची, प्रत्येक तुकडा कितीही वेळा चालवला तरी निकाल तोच यावा, आणि जिथे थांबलं तिथून पुढे चालू व्हावं, अशी नवी रचना मंजूर झाली होती. हे काम नुकतीच बढती मिळालेल्या त्या सहकाऱ्याला देण्याचं चाललं होतं. कारण? "ती जुन्या सिस्टिममध्ये अडकलेली आहे." हे मला मुळीच पटलं नाही. जुनी जुळवणी कुठे कुठे मोडते हे ज्या एका माणसाला माहीत आहे, त्याच माणसाला नवी रचना करू द्यायची नाही, यात टीमचाही तोटा होता.

सहकाऱ्याने हरकत घेतली. त्याची हरकत रास्त होती. तो म्हणाला, "म्हणजे आता जुन्या सिस्टिममध्ये मी अडकायचं? मग माझं काय?" त्याला गोड बोलून गप्प करणं सोपं होतं, पण त्याने फक्त बळी बदलला असता. तेव्हा असं ठरलं की जुन्या सिस्टिमची जबाबदारी एका तिमाहीसाठी एकाकडे, पुढच्या तिमाहीत दुसऱ्याकडे, आणि ज्याच्याकडे ती असेल त्याच्या मूल्यमापनात ती मुख्य काम म्हणून धरायची. स्टँडअपमधला "कोण बघेल?" हा प्रश्न बंद करून किरकोळ कामांची यादी पाळीने वाटायची. टिपण लिहिणंही पाळीत गेलं.

ती एक रात्र

रनबुकमधून तिचा नंबर काढला. सहा आठवडे रात्री तिला फोन करायचा नाही, जे विचारायचं ते सकाळी टीमच्या चॅनलवर, सगळ्यांना दिसेल असं विचारायचं.

पहिल्याच आठवड्यात जुळवणी अडली. पाळीवर दोन वर्षांच्या अनुभवाचा मुलगा होता. त्याने जॉब पुन्हा सुरू केला. चालू झाला आणि थांबला, चूक काहीच दाखवत नव्हता. पुन्हा सुरू केला. तेच. चौथी पायरी आता नव्हती. त्याने मॅनेजरना उठवलं. ते म्हणाले, "अहवाल उशिरा गेला तरी चालेल, वित्तवाल्यांशी मी बोलतो. तू शांतपणे बघ."

त्याने शेवटी पोस्टग्रेस्क्यूएल या डेटाबेसमधली चालू सेशन्सची (जोडण्यांची) यादी काढली. जॉबची पहिलीच आज्ञा दिवसाच्या नोंदी तात्पुरत्या साठवण्याचं (स्टेजिंग) टेबल रिकामं करण्याची होती, ट्रंकेट. तिला त्या टेबलावर संपूर्ण ताबा लागतो. दुसऱ्या कुणी उघड्या ट्रान्झॅक्शनमध्ये (डेटाबेसमधल्या न संपवलेल्या कामात) ते टेबल नुसतं वाचलेलं असलं तरी ती थांबून राहते. यादीत दुपारपासूनचं एक सेशन "आयडल इन ट्रान्झॅक्शन" अवस्थेत, म्हणजे ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून नुसतंच, पडलेलं होतं. कुणीतरी तपासणीसाठी हाताने क्वेरी चालवली होती आणि ट्रान्झॅक्शन बंद न करता विंडो तशीच सोडून दिली होती. जॉब कितीही वेळा सुरू केला असता तरी त्याच दारात अडणार होता. मुलाने ते सेशन बंद केलं आणि जुळवणी धावू लागली. अहवाल आठऐवजी दुपारी बाराच्या सुमारास गेला. वित्त विभागाचा रागाचा फोन मॅनेजरनी घेतला आणि खाली कुणापर्यंत पोचू दिला नाही. या प्रकरणात त्यांनी जे जे केलं त्यात मला हे सर्वांत मोलाचं वाटतं.

सकाळी चॅनलवर चर्चा झाली तेव्हा ती म्हणाली, "हो, हे होतं अधूनमधून. मी सेशन मारते." कितीतरी रात्री तिने हेच पाच मिनिटांत केलं होतं. त्याच दिवशी दुपारी त्या मुलाने एक सेटिंग सुचवलं: ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून ठरावीक वेळ निष्क्रिय राहिलेलं सेशन डेटाबेसने आपोआप बंद करावं. ही सोय पोस्टग्रेस्क्यूएलमध्ये २०१६ च्या ९.६ या आवृत्तीपासून आहे. एका ओळीचा बदल. मग तो इतकी वर्षं कुणी का केला नाही? कारण ती सोडून कुणालाच त्रास होत नव्हता, आणि तिला तो करायला दिवसा वेळ नव्हता. तिची तत्परताच दुरुस्ती पुढे ढकलत होती. हे ऐकून ती बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "बरं झालं फोन नाही केलास."

त्यानंतर सगळ्या अलर्टची, म्हणजे बिघाडाच्या आपोआप येणाऱ्या इशाऱ्यांची, छाननी झाली. बरेचसे असे निघाले की त्यांवर कधीच कुणी काही केलं नव्हतं, फक्त बंद केले होते. ते काढून टाकले. ऑन-कॉलचा आठवडा आता खरोखर पाळीवाल्याचाच होऊ लागला.

सगळंच जमलं असं नाही. "बुधवारी मीटिंग नाही" हा नियम तीन आठवड्यांत मोडला, कारण बाहेरच्या टीमांना तो माहीतच नव्हता. तिच्याकडून लिहून घेतलेली लांबलचक माहितीपत्रकं कुणी वाचली नाहीत. उपयोगी पडलं ते उलटं बसणं: कीबोर्ड शिकणाऱ्याच्या हातात आणि ती शेजारी, विचारल्याशिवाय न बोलता. हे तिला सुरुवातीला फार जड गेलं. ज्याला उत्तर माहीत आहे त्याने दहा मिनिटं गप्प राहणं ही साधी गोष्ट नाही.

समितीपुढे

नव्या जुळवणीचं डिझाइन तिने लिहिलं. त्यात "जुनी रचना कुठे मोडते" हा भाग सर्वांत भक्कम होता. हाताने केलेल्या त्या सगळ्या रात्रींच्या दुरुस्त्या तिथे एकेका कलमात उतरल्या आणि प्रत्येकीपुढे नव्या रचनेतलं उत्तर. पुढच्या फेरीत तिची बढती झाली. बदलीचा हक्क तिने दोन तिमाहींनंतर वापरला, पण माझ्याकडे आली नाही. डेटा प्लॅटफॉर्मच्या टीममध्ये गेली, कारण या कामात तिला तसल्या कामाची आवड लागली. तिची जुनी टीम तिच्यामागे चालू राहिली.

बढतीच्या वेळी मॅनेजरनी आणखी एक पान जोडलं होतं. रिव्ह्यूमध्ये पकडलेल्या गंभीर चुका, त्या सुटल्या असत्या तर काय झालं असतं, तिने शिकवून तयार केलेली माणसं आता स्वतंत्रपणे काय करतात. परताव्याची ती कॉमेंट त्यात पहिली होती, आणि तिच्याखाली सहकाऱ्याने स्वतः दोन ओळी लिहून दिल्या होत्या. समितीतल्या दोघांनी ते पान उचलून धरलं. तिसऱ्यांचं म्हणणं असं पडलं की हे सगळं कामाचा भागच आहे. रोज नीट काम केल्याबद्दल बढती देत बसलो तर पातळ्यांना अर्थ उरणार नाही. मला हे पटत नाही. रोजचं काम आठ जणांत विभागलेलं असेल तरच ते प्रत्येकाच्या कामाचा भाग ठरतं. सात जणांचं एकाने केलं तर उरलेल्या सातांच्या प्रकल्पांना लागलेल्या वेळेत त्या एकाचा वाटा आहे, आणि तो मोजायला समितीच्या अर्जात आजही रकाना नाही. ते पान मॅनेजर दर फेरीला स्वतःहून जोडतात. इतर टीमांनीही जोडावं असा प्रस्ताव आम्ही दोघांनी मिळून दिला आहे आणि त्यावर समितीत अजून वाद चालू आहे.